हातसुद्धा लावला नाही

विज्ञानाच्या बाई वर्गात शिरल्या त्या बोट रोखूनच. "ज्वालामुखी आणणाऱ्यांनी आत्ताच उभं राहा," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी आत्ताच बाहेर काढते."

कोण उभं राहतंय! पण तिसऱ्या बाकावर बसलेल्या भिंगरीचे कान लाल झाले. गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात सोडा आणि व्हिनेगरचे अकरा ज्वालामुखी होते आणि त्यातला आठवा तिचा. इतर दहा निदान बशीत तरी फुटले. हिचा फुटला तो थेट परीक्षकांच्या पांढऱ्या पँटवर.

"यंदा नियम एकच," बाई म्हणाल्या. "ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, तो प्रश्न आणायचा नाही. आणि कान उघडे ठेवून ऐका. शाळेतून यंदा फक्त एक प्रकल्प पुढच्या फेरीला जाणार. पुढची फेरी संशोधन संस्थेत. तीन दिवस, खऱ्या प्रयोगशाळेत."

खऱ्या प्रयोगशाळेत! झालं, भिंगरीचं उरलेल्या तासातलं लक्ष उडालं ते उडालंच. तसंही तिचं लक्ष बसलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. भिंगरी हे नाव काय उगीच पडलं? बाकावर बसूनही जिचे पाय फिरत असतात, ती ही. पण यावेळी तिनं मनाशी पक्कं केलं की काही झालं तरी जायचं, म्हणजे जायचंच.

तिची जोडीदारीण मोजपट्टी. उंच, सडसडीत आणि स्वभावानंही तशीच सरळ. 'साधारण' हा शब्द ऐकला की हिच्या कपाळाला आठी. एकीला दम नाही आणि दुसरीला घाई नाही, अशी ही जोडी जमली कशी ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण पहिलीपासून जमली होती.

पुढच्या आठवड्यात दोघींनी बाईंना भंडावून सोडलं. मुंग्यांना कुठला रंग आवडतो? तीन रंगांचे कागद ठेवले, तर मुंग्या तिन्ही कागद ओलांडून मोजपट्टीच्या डब्यात गेल्या. गाणं ऐकवलं तर रोप जास्त वाढतं का? "कोण गाणार, तू?" बाईंनी भिंगरीला विचारलं. "मग रोपाचं राहू दे, शेजारी काय म्हणतात ते बघ आधी." कुठल्या साबणाला फेस जास्त? बाईंनी मान वर न करताच "पुढचं" म्हटलं. शुक्रवारपर्यंत सात कल्पना आल्या आणि सातही गेल्या.

आणि शनिवारी सकाळी खुद्द भिंगरीच्या घरातच घोटाळा झाला. भिंगरीच्या घराखाली त्यांची बेकरी. भट्टी बाबांची, मळणं आणि दुकान आईचं, पण गर्दीच्या वेळी कोण कुठलं काम करतं याला काही धरबंध नसायचा. आई स्वतः बेकरीवाल्याची मुलगी, बाबा तेराव्या वर्षापासून भट्टीपाशी. दोघांनी मिळून आजवर किती पाव भाजले असतील ते देवाला माहीत. तर त्या शनिवारी बाबांनी पिठात मीठ घातलं आणि ते पाहिलं नसल्यामुळे आईनंही घातलं. दोन तासांनी बघतात तर पीठ जागच्या जागी, टस की मस नाही.

"रुसलं," बाबा म्हणाले. "मीठ जास्त झालं की रुसतं."

"किती मिठाला रुसतं?" भिंगरी जिन्यावरून डोकावली.

"जास्त झालं की."

"जास्त म्हणजे किती, बाबा?"

"जास्त म्हणजे जास्त! सकाळी सकाळी डोकं नको गं खाऊ."

"आई, किती?"

"तुझ्या बाबांनी घातलं ना, तेवढं," आई म्हणाली. "मी घातलं ते बरोबर होतं."

त्यानंतर त्या दोघांचं जे सुरू झालं ते ऐकायला भिंगरी थांबलीच नाही. चपला उलट्या पायांत घालून ती धावत सुटली. दोघांना मिळून पन्नास-साठ वर्षांचा अनुभव आणि दोघांनाही आकडा माहीत नाही! मोजपट्टीचं दार तिनं असं बडवलं की तिच्या आजोबांना वाटलं, कुठेतरी आग लागली.

सोमवारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मीठ यीस्टला आवरतं, हे पुस्तकात आहे. पण तुमच्या मैद्यात, तुमच्या यीस्टला, किती ग्रॅमला किती आवरतं?" त्यांनी चष्मा परत चढवला. "हे मलाही माहीत नाही. करा."

बाईंना माहीत नाही! अहो, याहून मोठी पदवी कुठली? दोघी व्हरांड्यातून अशा काही उड्या मारत गेल्या की मुख्याध्यापकांनी खिडकी लावून घेतली.

कामाला सुरुवात झाली. पाच सारख्या काचेच्या बरण्या. प्रत्येकीत शंभर ग्रॅम मैदा, साठ ग्रॅम पाणी, एक ग्रॅम यीस्ट. मीठ मात्र वेगवेगळं. पहिलीत काहीच नाही, मग एक ग्रॅम, दोन, चार आणि शेवटच्या बरणीत सहा. गोळा दाबून बसवायचा, त्याच्या उंचीला बाहेरून रबरबँड लावायचा आणि दर वीस मिनिटांनी किती वर चढला ते मोजायचं. बेकरीतली मधली फळी बाबांनी रिकामी करून दिली. इतकंच नाही, तर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, "पोरीचं संशोधन चाललंय, जरा हळू बोला." जसं काही पीठ दचकणार होतं.

पुढच्या सोमवारी आलेखाची रेघ कशी छान उतरली! बिनमिठाचा गोळा बरणीच्या तोंडाशी, त्याखाली एक ग्रॅमचा, मग दोनचा, चारचा, आणि सहा ग्रॅमचा बिचारा तळाशी बसलेला, दोन तासांत जेमतेम बोटभर चढलेला. भिंगरीनं बेकरीतच नाच केला.

मंगळवारी मात्र चार वाजता कवायतीचा सराव होता. दोघींनी पहिली मापं घेतली, धावत शाळेत गेल्या, तासाभरानं धावत परत आल्या, आणि बघतात तर काय? सहा ग्रॅमचा गोळा दोन ग्रॅमच्या बरोबरीला! बरण्या आपापल्या जागी, रबरबँड आपापल्या जागी आणि गोळा वर.

"पीठ बदललं का?" नाही. "यीस्टची पुडी नवी?" नाही, तीच. "मीठ घालायला तू विसरलीस!" "मी विसरेन?" मोजपट्टीनं असं काही पाहिलं की भिंगरीनं जीभ चावली. चाखून बघितलं तर खारट खारट.

बुधवारी पुन्हा झकास. गुरुवारी कवायत आणि पुन्हा तेच. शुक्रवार, शनिवार परत सुतासारखे सरळ. आता संशय येणार नाही तर काय! शनिवारी संध्याकाळी भिंगरी कमरेवर हात ठेवून भट्टीसमोर उभी राहिली.

"बाबा, खरं सांगा. आम्ही नसताना बरण्यांना तुम्ही काही केलंत?"

"मी?" बाबांच्या हातातलं पाव काढायचं फावडं तसंच राहिलं. "अगं, फळी मी रिकामी करून दिली. गिऱ्हाइकांची तोंडं मी बंद केली. आणि मीच तुझा प्रयोग बिघडवीन? हातसुद्धा लावला नाही मी!"

त्यांचा चेहरा इतका पडला की भिंगरीलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. शिळा पाव ताजा म्हणून ज्यांनी कधी विकला नाही, ते लेकीशी खोटं बोलतील? तिनं त्यांच्या कमरेला मिठी मारली, आणि संशयितांच्या यादीतून बाबांचं नाव मोजपट्टीनं रीतसर खोडलं.

आता प्रश्न तक्त्याचा. "सहा दिवसांतले चार दिवस झक्क आलेत," मोजपट्टी हळूच म्हणाली. "मंगळवार-गुरुवार केलेच नाहीत असं समजू. कोणाला कळतंय?"

मोजपट्टी हे म्हणाली! जिला अर्धा मिलिमीटर सोडवत नाही, ती दोन दिवस सोडायला निघाली. त्यावरून ओळखा, त्या प्रयोगशाळेनं दोघींना किती वेड लावलं होतं. आणि खरं सांगायचं तर भिंगरीनंही तक्ता तसाच काढला. चार दिवसांच्या चार निळ्या रेघा, देखण्या. भिंतीला लावून दोघी लांबून बघत बसल्या. दहा मिनिटांनी भिंगरी उठली आणि लाल पेन घेऊन तिनं उरलेले दोन दिवस त्यावर चढवले. शेजारी एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.

"का पण?" मोजपट्टी कळवळली.

"बाई म्हणाल्या ना, माहीत नाही तोच प्रश्न आणा," भिंगरी म्हणाली. "मग या सगळ्यांत आपल्याला माहीत नसलेलं हेच तर आहे!"

"हरलो तर बोलणार नाही मी तुझ्याशी."

"किती दिवस?"

"साधारण..." मोजपट्टी म्हणाली आणि स्वतःच चपापली. मग दोघी हसत सुटल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेचं सभागृह नुसतं गजबजलं होतं. टेबलाला टेबल लागलेलं, वायरींचा गुंता, कुणाची पवनचक्की फिरेना, कुणाचा पंखा थांबेना. भिंगरीच्या शेजारी नववीतल्या मुलींची सौरचूल होती. सभागृहात सूर्य कुठून आणणार, म्हणून त्यांनी दोनशे वॉटचा दिवा लावला होता. बाबा बरण्या पोचवायला म्हणून आले आणि तिथेच रेंगाळले. नवा शर्ट, केसांना पाणी, पण भुवईवर मैदा राहिलेलाच. नऊ वाजता गोळे बरण्यांत गेले, आणि दहाच्या सुमारास परीक्षक आले.

संशोधन संस्थेतले गृहस्थ. खिशाला चार पेनं आणि तोंडात एकच शब्द, "हं." पवनचक्कीपाशी "हं", सौरचुलीपाशी "हं". भिंगरीनं बोलायला सुरुवात केली आणि गाडी अशी सुटली की मोजपट्टीला मधूनमधून तिचा कोपर ओढावा लागला. मैदा, मीठ, रबरबँड, चार निळ्या रेघा. "म्हणून आमच्या मैद्यात दोन ग्रॅमपर्यंत पीठ सोसतं, चारला कुरकुरतं आणि सहाला रुसतं!"

"हं," परीक्षक म्हणाले, आणि त्यांचं पेन सरळ लाल रेघांवर गेलं. "हे काय?"

"हे आम्हाला कळलेलं नाही, सर."

"हं?" हा 'हं' वेगळा होता, शेवटाला वर गेलेला. "कळलेलं नाही तर लावलंत कशाला?"

भिंगरीनं तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

कारण परीक्षकांच्या खांद्यामागे बाबा उभे होते. सौरचूलवाल्या मुलीच्या वडिलांशी त्यांच्या अगदी जोरात गप्पा चालल्या होत्या, नजर समोरच्याच्या तोंडावर, आणि त्यांचा उजवा हात आपला आपण चालला होता. तो सहा ग्रॅमच्या बरणीपाशी गेला. बोटांची पाठ काचेला लावून बघितली. बरणी उचलली, शेजारच्या टेबलावर त्या दिव्याच्या अगदी जवळ ठेवली, अर्धी फिरवली आणि खाली आला. बाबांचं बोलणं एका अक्षरानंही अडखळलं नाही.

"बाबा!" भिंगरी अशी किंचाळली की पवनचक्की फिरायला लागली म्हणतात. "हात! तुमचा हात! सापडलं, सर, सापडलं! लाल रेघा म्हणजे माझे बाबा!"

सगळं सभागृह वळलं. भिंगरीला आता कोण आवरणार! मंगळवार आणि गुरुवार, आम्ही नव्हतो, बाबा होते. फुगण्यात मागे पडलेला ट्रे भट्टीच्या कट्ट्याजवळ सरकवायचा, अर्धा फिरवायचा, वर आला की परत जागेवर ठेवायचा, हे ते दिवसातून शंभर वेळा करतात. उबेनं पीठ चढतं! बरण्या जागच्या जागी का सापडल्या, तेही कळलं! ती टाळ्या वाजवत नाचत होती, मोजपट्टी वहीत भराभरा लिहीत होती, आणि बाबांच्या तोंडाकडे बघायला दोघींनाही सुचलं नाही.

"म्हणजे यांनीच केलं होतं?" सौरचूलवाल्या मुलीचे वडील म्हणाले. "आणि मघाशी मला सांगत होते, मी बरण्यांना हातसुद्धा लावत नाही म्हणून!"

लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले. बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग ते गर्दीतून वाट काढत बाहेर गेले.

परीक्षकांना ते दिसलं की नाही कोण जाणे. "एकदा दिसलं ते एकदा दिसलं," ते म्हणाले. "त्यावरून मी काही मानणार नाही. अडीचला परत येतो. दाखवून देता आलं तर द्या." आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

भिंगरी बाहेर धावली. बाबा पायऱ्यांवर बसले होते, हात मांड्यांखाली दाबून.

"चार लोकांत खोटा पडलो गं मी," ते म्हणाले. "तुला ठासून सांगितलं होतं. आणि तूच ओरडून सांगितलंस सगळ्यांना."

भिंगरीचा सगळा नाच एका क्षणात उतरला. खरंच की, तिनंच ओरडून सांगितलं होतं. सगळ्या सभागृहात, बोट दाखवून. "बाबा, चुकलं माझं, असं ओरडायला नको होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही खोटं नाही बोललात! तुम्हाला माहीतच नव्हतं."

"पकडला गेलेला प्रत्येक जण हेच म्हणतो."

ती त्यांच्याशेजारी बसली. डोळे भरून आले होते, पण डोकं काही थांबायला तयार नव्हतं, तिचा स्वभावच तो. बाबांवर प्रयोग परत करून उपयोग नाही, त्यांना आता ठाऊक झालं. पण ज्याला काहीच ठाऊक नाही, असा दुसरा बेकरीवाला मिळाला तर? तसाच वागला, तर तो बाबांचा खोटेपणा नाही, ती कामाची सवय!

"बाबा," ती एकदम उठून उभी राहिली, "आई दुकान बंद करून कधी येणार?"

"दोनला." आणि बाबांच्या ध्यानात आलं. "छे छे! तिचंही हसं करणार आहेस का? मी दारातच सांगतो तिला, हात पदराआड ठेव म्हणून."

"नका ना सांगू! सांगितलंत तर कायमचं असंच राहील, की तुम्हीच केलंत आणि तुम्हीच नाही म्हणालात. बाबा, मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता ना शनिवारी? आता तुम्ही ठेवा."

बाबांनी मांड्यांखालचे हात आणखी घट्ट दाबले. हो नाही, की नाही नाही. आणि तिकडे वेळ चाललेला.

साडेबाराला नवे गोळे बरण्यांत गेले. दिवा चालू ठेवायला सौरचूलवाल्या मुली आनंदानं तयार झाल्या, त्यांच्या चुलीवर तसंही काही शिजत नव्हतं. मग मोजपट्टीनं वहीत रकाने आखले आणि दोघी माणसं पकडायला निघाल्या. ज्यांनी सकाळचा गोंधळ पाहिला नव्हता अशीच माणसं हवी होती. इतिहासाचे सर आले, ग्रंथपाल आल्या, रखवालदार, शाळेचे माळीकाका, कुणाचे मामा, कुणाची काकू. प्रत्येकाला बरण्यांपाशी पाच मिनिटं उभं करून भिंगरी काहीबाही बडबडत राहायची आणि मोजपट्टी हातांवर नजर ठेवायची. अठरा माणसं झाली. ग्रंथपाल बाईंनी एका बरणीचा वास घेतला. कुणाच्या तरी लहान भावानं गोळ्यात बोट खुपसायला बघितलं, त्याची गणती केली नाही. बरणी दिव्याकडे सरकवणारा मात्र एकही नाही.

दोन वाजले. सव्वादोन झाले. आई नाही आणि बाबाही पायऱ्यांवर दिसेनात. "सांगितलं असणार त्यांनी," मोजपट्टी म्हणाली. परीक्षक अडीचच्या आधीच येऊन ठेपले आणि शेजारच्या टेबलावरची माहिती वाचत असल्यासारखे उभे राहिले. पुन्हा तोच "हं".

आणि दारातून आई आली. हातात डबा, मागे बाबा. बाबांचा चेहरा बंद दरवाजासारखा, त्यावरून काही कळेल तर शपथ.

"ही वेणी आहे का घरटं?" आईनं आल्या आल्या सुरुवात केली. "सकाळपासून काही खाल्लं असशील तर शपथ! आणि तुझ्या बाबांना काय झालंय? दारात भेटले, विचारलं कसं चाललंय, तर म्हणतात, जा, पोरगी आत आहे. एवढंच! चांगली तीन वाक्यं बोलत नाहीत आज." बोलता बोलता तिनं डबा ठेवला, एका हातानं भिंगरीची वेणी धरली, आणि दुसरा हात मोकळा झाला.

मोजपट्टीनं वही पुढे ओढली. भिंगरीला मान वळवता येईना, वेणी आईच्या मुठीत.

"रबर कुठंय हिचं? हरवलंस ना?" आई म्हणत होती, आणि तिच्या बोटांची पाठ सहा ग्रॅमच्या बरणीला लागली. "परवाच नवं दिलं होतं." बरणी उचलली गेली. "पुढच्या वेळी सुतळीनं बांधीन." बरणी दिव्याजवळ ठेवली गेली, अर्धी फिरली, आणि हात परत वेणीवर आला. "हलू नको!"

"आई," भिंगरीचा आवाज चिरकला, "आत्ता तू काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? वेणी घालतेय!"

"बरणी कुणी हलवली?"

"कुठली बरणी?" आईनं टेबलाकडे पाहिलं, सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिचा पारा चढला. "हे बघा, मी आत्ता आलेय. उगीच माझ्यावर आळ घेऊ नका. हातसुद्धा लावला नाही मी!"

अहाहा! काय तो हशा! माळीकाका टेबल धरून हसले, ग्रंथपाल बाईंनी डोळे पुसले, मोजपट्टीनं वही हवेत उडवली. परीक्षकांच्या तोंडून यावेळी "हं" निघालंच नाही, ते चक्क "हा हा" करत होते. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होते बाबा. सकाळपासून कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "हातसुद्धा लावला नाही!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि आपला उजवा हात आईच्या नाकासमोर नाचवत होते. आईला सगळं समजायला पाच मिनिटं लागली, आणि समजल्यावर तिनं आधी नवऱ्याला चिमटा काढला, मग लेकीला, आणि मग तीही हसली.

सौरचूलवाल्या मुलीचे वडील बाबांपाशी आले. "माफ करा हं, मघाशी मी उगीच बोललो," ते म्हणाले. बाबांनी त्यांना डब्यातला पाव दिला.

तीनला निकाल लागला. परीक्षक ध्वनिक्षेपकाला तोंड लावून म्हणाले की मिठाचा प्रयोग नीटच झालाय, पण तो काही ते पुढे पाठवत नाहीत. भिंगरीनं मोजपट्टीचा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली. "पुढे जातील त्या लाल रेघा," ते म्हणाले. "ज्या माणसाला आपण काय करतो हे माहीत नसतं, त्याचे हात काय करतात? या मुलींनी दोन बेकरीवाले दाखवले. दोनावर भागणार नाही. पुढच्या फेरीपर्यंत दहा तरी आणा."

मग काय, सांगायला नकोच. बाईंनी भिंगरीला उचललं, भिंगरीनं मोजपट्टीला उचलायचा प्रयत्न केला, आणि दोघी टेबलाखाली गेल्या.

चौघं घरी निघाली तेव्हा सगळ्यांच्याच हातांत बरण्या होत्या. भिंगरीचे पाय जमिनीला लागत नव्हते. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या बेकरीचा मालक दारात उभा होता, पांढऱ्या मिशांचा, बाबांहूनही जुना कारागीर. "काय मग, जिंकलात वाटतं!" त्यानं हाक दिली. "विषय काय होता पोरींचा?"

भिंगरीनं उत्साहात तोंड उघडलं. "काका, ऐका ना, बेकरीवाल्यांचे हात—"

बाबांचा पाय तिच्या पायावर असा पडला की पुढचं वाक्य गिळावं लागलं.

"मीठ," बाबा मोठ्यानं म्हणाले. "मिठाचं काहीतरी आहे हो, पोरींचं. रविवारी या ना चहाला, दाखवतील. तुमच्या कारागिरांनाही घेऊन या." आणि दहा पावलं पुढे गेल्यावर ते भिंगरीच्या कानाशी वाकले. त्यांचे डोळे असे चमकत होते की तिनं ते तसे कधी पाहिले नव्हते. "आधी सांगितलंस तर काय उरलं तुझ्या प्रयोगात? लिहून घे, तिसरा हा, आणि त्याचे दोन कारागीर धरून पाच. बाकीचे मी आणतो. बरण्या मात्र भट्टीपासून लांब ठेवू, म्हणजे हात लांबवर जातो की नाही ते नीट दिसेल. आणि रविवारी तुझ्या आईला मावशीकडे पाठव, तिच्या पोटात काही राहत नाही."